दोन हजार सहाशे दहा डझन शब्द

विठाबाई रासने पहिल्यांदा आमच्या मंडळात आल्या तेव्हा मीच त्यांना दारात अडवलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला फार चांगली बाई समजायला नको. अंबरनाथला वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी पाच वाजता आम्ही दहा-बारा जण जमायचो. नाव लेखक मंडळ. काम म्हणाल तर एकमेकांच्या कविता ऐकायच्या, माना डोलवायच्या आणि चहा प्यायचा. मी त्या मंडळाची चिटणीस, सुहासिनी गद्रे. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, निवृत्त झाले, नवरा आधीच गेलेला, घरात आता कुणाच्या चुका काढणार? म्हणून मंडळ. २००४ साली एका शनिवारी ही बाई दारात येऊन उभी राहिली. काठाची सुती साडी, काखेत भली मोठी कापडी पिशवी. विचारलं काय, तर इथं गोष्ट लिहायला शिकवतात का. मी चष्म्यावरून बघितलं आणि म्हटलं, इथे शिकवत नाहीत, इथे शिकलेले येऊन बसतात. माझ्या जिभेला काटे आहेत असं आमचे हे म्हणायचे. खोटं नव्हतं ते.

विठाबाई नुसत्या हसल्या. मग मी मागं बसते म्हणाल्या आणि बसल्या. सव्वादोन वर्षं त्या मागेच बसल्या होत्या. कुणाची कविता कितीही रटाळ असो, त्या पूर्ण ऐकायच्या. आमच्यात तेवढं कुणालाच जमायचं नाही, मला तर मुळीच नाही.

त्यांचं उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये बांगड्यांचं दुकान. दुकान म्हणजे किती, मी दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढं. मागे पडदा, पडद्यामागे राहायची खोली. नवरा भगवंतराव. माल आणायचं काम त्यांचं, तोंड उघडायचं काम विठाबाईंचं. त्यांच्या बोलण्यात गावाकडचं आणि सिंधी बाजारातलं असं सगळं एकत्र झालेलं. घाऊक व्यापारी म्हणजे 'साईं', आणि गिऱ्हाईक 'खाली हात' गेलं की त्यांना चैन पडायचं नाही. शिक्षण गावात सातवीपर्यंत. जातीच्याच कासार, त्यामुळे हात भरण्याची कला माहेराहून आलेली. माणसाचं तोंड बघायच्या आधी त्या हात बघायच्या. मला म्हणाल्या होत्या, "बाई, तुमचा हात दोन-चारचा. तुम्ही मोठ्या, दोन-सहाच्या घालता. दुखेल म्हणून भिता." साफ खरं होतं. मग माझा हात त्यांनी साबण लावून असा काही दाबला की दोन-चारच्या सहा बांगड्या कधी चढल्या मला कळलं नाही. त्यातली एक नंतर मोरीवर आपटली. ती फुटली असं मी दुकानात जाऊन सांगितलं, तर भगवंतराव, जे कधी बोलत नाहीत ते, पडद्याआडून म्हणाले, शिकलेल्या ना तुम्ही बाई. त्या दुकानात बांगडी फुटत नसे, वाढत असे. अख्ख्या महाराष्ट्रात बायका असंच म्हणतात हे मला काय माहीत नव्हतं? पण मी आपली व्याकरणाची बाई, तोंडात आलं ते बोलून गेले.

तर २००६ च्या ऑक्टोबरात, दिवाळी आटोपल्यावर, आमच्या मंडळातल्या यज्ञेशने हे खूळ आणलं. यज्ञेश बदलापूरला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा, राहायला खरवईच्या नव्या बिल्डिंगीत. इंटरनेटवर त्यानं वाचलं होतं म्हणे, परदेशात लोक नोव्हेंबर महिन्यात तीस दिवसांत पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहितात. कसलंही बक्षीस नाही, नुसती आपली आपल्याशी पैज. "मॅडम, आपण पण करू ना, एकदम सही होईल," असं त्याचं टुमणं. श्रीपादराव बर्व्यांनी लगेच उचलून धरलं. ते कारखान्यातले निवृत्त अधिकारी. कशाचाही तक्ता करायला मिळाला की त्यांना हुरूप यायचा. त्यांनी तिथल्या तिथे भिंतीवर तक्ता लावला, प्रत्येकाचं नाव आणि तीस रकाने. रोजचे सोळाशे सदुसष्ट शब्द, असं त्यांनी जाहीर केलं.

तेव्हा मागून विठाबाईंनी विचारलं, किती डझन होतात? सगळे हसले, मीही हसले. यज्ञेशने मोबाइलवर हिशोब करून सांगितलं, एकूण चार हजार एकशे सहासष्ट डझन आणि वर आठ शब्द. रोजचे एकशे एकोणचाळीस डझन. विठाबाई म्हणाल्या, वरचे आठ मी तसेच देईन, माझं नाव घाला. श्रीपादरावांनी नाव घातलं. कुणालाही वाटलं नव्हतं त्या आठवडाभरसुद्धा टिकतील.

चार नोव्हेंबरच्या शनिवारी ज्याने त्याने आपापलं वाचलं. माझी कादंबरी एका मुख्याध्यापिकेवर होती आणि ती मुख्याध्यापिका तिसऱ्या पानावरच मला आवडेनाशी झाली होती. विठाबाईंनी लाल पुठ्ठ्याची लाँगबुक काढली. बांगडीच्या खोक्यावर आकडे घालतात तसं ठसठशीत अक्षर. त्यांच्या गोष्टीत श्रद्धा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी होती, कॅम्प पाचमध्ये राहणारी, आईबापांची एकुलती एक. तिला कावीळ होते. डोळे हळदीसारखे पिवळे, तोंडाला चव नाही, अकरा दिवस हॉस्पिटलात. बाराव्या दिवशी ताप उतरतो, ती उठून बसते आणि म्हणते, आई, मला भेळ पाहिजे. त्यावर आई तिला रागावते आणि मग भेळ आणून देते. एवढंच त्यांनी वाचलं. मी म्हटलं, बरं आहे, पण भेळ कावीळ झालेल्या माणसाला देत नाहीत. काय करणार, सवय.

मंडळ सुटल्यावर धम्मदीपने मला जिन्यात गाठलं. धम्मदीप मोरिवलीच्या एका कंपनीत फिटर, आणि आमच्यातला एकमेव खरा कवी. त्याची बहीण उल्हासनगरला कॉलेजात होती. तो म्हणाला, "बाई, विठाताईंची श्रद्धा बहिणीच्या वर्गात होती. ती कावीळ झाल्यावर वाचली नाही. पाच वर्षं झाली." मी तिथेच कठड्याला धरून उभी राहिले. सव्वादोन वर्षांत त्या बाईला मुलंबाळं किती एवढं मी विचारलं नव्हतं, आणि आज भेळेवरून बोलले होते.

खाली विठाबाई रिक्षाची वाट बघत होत्या. आधी बोलल्या त्याच. वही छातीशी धरून, शाळेतल्या मुलीसारखी शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "बाई, कादंबरीत खोटं चालतं ना?"

मी म्हटलं, "चालतं. कादंबरी म्हणजे तेच."

त्यांनी असा श्वास सोडला की मला वाटलं आता इथे रस्त्यातच बसतात की काय. मग म्हणाल्या की, महिनाभर तरी तिला घरात ठेवते. त्या दिवसापासून मला ठाऊक होतं ही बाई काय करते आहे. म्हणून पुढचं सगळं सांगताना माझ्यापाशी सबब नाही.

तुळशीची लग्नं लागली, पाठोपाठ माणसांची लागायला लागली. भाचीच्या लग्नाचा चुडा घ्यायला मी कॅम्प पाचला गेले तर दुकानात ही गर्दी. विठाबाई दोन हात भरायच्या की गल्ल्यावरची वही ओढून चार ओळी लिहायच्या, पुन्हा साबण लावून पुढचं मनगट धरायच्या. पानोपानी साबणाचे डाग. मी तिथे असतानाच भगवंतराव माल घेऊन आले, पिशव्या खाली ठेवल्या, घाम पुसला आणि बायकोला हळूच विचारलं, "आज काय केलं तिनं?" विठाबाई गिऱ्हाइकाचा हात न सोडता म्हणाल्या, पतपेढीत नोकरी लागली, बदलापूरला. भगवंतरावांनी मान हलवली आणि आत जाऊन पाणी प्यायले. परत बाहेर आले आणि म्हणाले, डबा देत जा तिला, बाहेरचं खाऊ देऊ नको. मी तोंड फिरवून खोक्यांवरचे आकडे वाचत बसले.

हे रोज चालायचं म्हणे. मुलीला स्थळ आलं ते पहिल्यांदा दुबईचं होतं. भगवंतराव म्हणाले एवढ्या लांब द्यायची नाही, तेव्हा विठाबाईंनी आठ पानांवर काट मारली आणि खरवईचा मुलगा शोधला. खरवईचं सगळं यज्ञेशला विचारून घेतलं, पाणी किती वाजता येतं, लिफ्ट चालते का, दूधवाला वर येतो का. मुलगा मोरिवलीच्या कंपनीत, म्हणून धम्मदीपला पाळ्या विचारल्या. रात्रपाळी नको म्हणाल्या, पोरगी एकटी राहील. धम्मदीपने जावयाला पहिल्या पाळीला लावलं. आम्ही सगळे मिळून तिचा संसार मांडत होतो आणि कुणी कुणाला त्याबद्दल बोलत नव्हतं.

बाकीच्यांचं म्हणाल तर आनंद होता. माझी मुख्याध्यापिका नऊ हजार शब्दांवर आटोपली. यज्ञेशच्या कादंबरीत परग्रहावरची माणसं आली आणि परत गेली. श्रीपादराव तक्त्यात लाल पेन्सिलीने फुल्या मारत बसले, त्यांनी स्वतः एक ओळ लिहिली नव्हती. विठाबाईंच्या नावापुढे रोजचे डझन भरत होते. कधी एकशे तीस, कधी एकशे साठ, पण एकही रकाना रिकामा नाही.

अठरा तारखेला मात्र कुरकूर झाली. विठाबाईंनी वाचलं त्यात श्रद्धाच्या घरी पडदे कोणत्या रंगाचे घ्यायचे यावर तीन पानं होती. श्रीपादराव घसा खाकरून म्हणाले की, सगळं छान आहे, पण घडत काहीच नाही, कुकर, पडदे, रुसवा, समेट, याला शेवट काय? एकदोघांनी माना डोलवल्या. आणि मी? मला ते पडदे आवडले होते. पण चिटणीस म्हणून काहीतरी शहाणपणाचं बोलायला नको का? मी म्हटलं, कुठे थांबायचं ते लेखकाला कळलं पाहिजे. सगळ्याच लेखकांना उद्देशून बोलले मी, पण खोलीत त्या वेळी लिहिणारी एकच होती. विठाबाईंनी वही मिटली. सव्वासहा झाले होते. मी नेहमीसारखं "चला, वाढवा आता" म्हणाले आणि सगळे उठले. माझा तो ठरलेला शब्द होता. दुकान वाढवा, बैठक वाढवा, चहा संपला की वाढवा.

निघताना विठाबाईंनी वही माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "तुम्ही एकदा सगळं वाचा बाई. तुम्ही सांगाल तसं करते."

सोमवारी दुपारी जेवून मी ती वही घेऊन बसले ती दिवेलागणीला उठले. चुका होत्या, पाहिजे तेवढ्या. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही, पूर्णविराम आपल्या मर्जीने. पण अहो, ती पोरगी चालत होती, बोलत होती, आईशी भांडून दार आपटत होती. शेवटच्या पानावर तिला सातवा महिना लागला होता. डोहाळजेवणासाठी आई दुकानातून हिरव्या बांगड्या घेऊन खरवईला जाते. पाय सुजलेत म्हणून मुलीचे पाय मांडीवर घेते. हात भरताना मुलगी म्हणते, आई, जरा मोठ्या घाल, बोटं पण सुजलीत. आई म्हणते, माझ्याकडे तुझ्या मापाच्या आहेत, तुझं प्रत्येक वर्षाचं माप आहे माझ्याकडे. तिथे पान संपलं होतं. मी पदर डोळ्यांना लावला. किती वर्षांनी काही वाचून रडले, मला आठवत नाही.

आता दुसऱ्या कुणी काय केलं असतं? सरळ लिहिलं असतं, विठाबाई, फार सुंदर आहे, लिहीत राहा. पण कौतुक करणं माझ्या जिवावर येतं. एकतीस वर्षांत मुलांच्या वह्यांत 'उत्तम' हा शब्द मी मोजून तीन वेळा लिहिला असेल. मुलाने काही चांगलं लिहिलं आणि थोडक्यात आटोपलं, तर मी समासात लाल शाईने लिहायची, 'वाढवा'. माझ्या हाताखालून गेलेल्या पोरांना ठाऊक होतं की बाईंनी वाढवा लिहिलं म्हणजे बाई खूश आहेत, त्यांना आणखी वाचायचं आहे. त्या पानाखाली मी तेच लिहिलं. वाढवा. खाली दोन रेघा ओढल्या, मनापासून ओढल्या. विठाबाई माझ्या शाळेत नव्हत्या हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मंगळवारी सकाळी धम्मदीपच्या हाती वही कॅम्प पाचला पाठवून दिली आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

पंचवीस तारखेला विठाबाई उशिरा आल्या. बसल्या नाहीत. चेहरा ओढलेला, डोळे खोल गेलेले. मला वाटलं, बाई झपाटून लिहिते आहे. त्यांनी वही माझ्यासमोर टेबलावर ठेवली.

"तुम्ही सांगितलं तसं केलं, बाई. वाढवली."

मी सगळ्यांसमोर मोठ्यांदा म्हटलं, "शाबास."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तसं माझ्याकडे आजवर कुणी बघितलेलं नाही. मग दुकानात गिऱ्हाईक आहे असं काहीतरी पुटपुटून त्या जिना उतरून गेल्या. मी खुशीत वही उघडली, म्हटलं सगळ्यांना वाचून दाखवावं. माझ्या लाल शब्दाच्या खाली चार ओळी होत्या. श्रद्धाला परत कावीळ झाली. सातवा महिना होता. अकराव्या दिवशी ती गेली. पोटातलं बाळ पण गेलं. त्याखाली पेन्सिलीने बेरीज, दोन हजार सहाशे दहा डझन.

मी वाचलं ते अर्धं मोठ्याने वाचलं गेलं होतं. धम्मदीपने वही माझ्या हातातून घेतली, मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं. "बाई, हे तुम्ही लिहायला सांगितलंत?" त्याने विचारलं, अगदी हळू.

मी म्हटलं, "नाही रे, मी नुसतं वाढवा लिहिलं."

आणि तो शब्द माझ्या तोंडून माझ्याच कानावर पडला तेव्हा मला कळलं. दर शनिवारी हाच शब्द बोलून मी माणसं उठवत होते. त्या बाईने उभ्या जन्मात बांगडीला दुसरा शब्द लावला नव्हता. आणि वही परत पाठवण्याच्या तीनच दिवस आधी मी तिला सुनावलं होतं, कुठे थांबायचं ते कळलं पाहिजे. मी चपला कशा घातल्या आणि रिक्षात कशी बसले, देव जाणे.

दुकानात त्या एकट्याच होत्या. मी आत शिरून स्टुलावर बसले आणि धाप लागलेल्या आवाजात सगळं सांगितलं. वाढवा म्हणजे पुढे लिहा, आणखी लिहा, मला फार आवडलं होतं म्हणून लिहिलं, असं तीन-तीनदा सांगितलं. विठाबाई खोक्यांची झाकणं लावत ऐकत होत्या. मग हात थांबला.

"म्हणजे तुम्हाला पुढचं पाहिजे होतं?"

"हो."

"मला वाटलं, तुम्ही म्हणताय की पुरे झालं. एवढं खोटं बस्स."

मी म्हटलं, ते पान फाडा. अजून पाच दिवस आहेत, पाच दिवस कशाला, वर्षभर लिहा, कोण विचारतंय महिन्याला. मी त्यांची विनवणी करत होते, मी, जिने कधी कुणाला एका गुणासाठी दाद दिली नव्हती. त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. त्या म्हणाल्या, बुधवारी संध्याकाळी हे आले, आज काय केलं तिनं म्हणून विचारलं, तेव्हा मी वही पुढं केली. ह्यांनी स्वतः वाचलं. तेव्हापासून जेवले नाहीत धड. आता त्यांना काय सांगू, परत आली म्हणून सांगू? पान फाडल्यानं वाचलेलं विसरतो का माणूस?

मी म्हटलं, "विठाबाई, हे माझ्यामुळे झालं. तुमची काही चूक नाही."

त्या बोलल्या ते माझ्याकडे न बघता, हातातल्या रिकाम्या खोक्याकडे बघत.

"बाई, ती खरी गेली तेव्हा मी दुकानात होते. मे महिना, लग्नाची घाई. हे तिच्यापाशी होते. निरोप आला, लवकर या. माझ्या हातात नवरीचा हात होता, निम्मा भरलेला. नवरीचा हात अर्धा टाकून उठायचं नाही अशी आमच्यात रीत. मी तो पुरा केला. उरलेल्या सगळ्या घातल्या एकेक करून, तिनं वाकून नमस्कार केला, तिला आशीर्वाद दिला, मग गेले. तोवर झालं होतं." त्यांनी खोकं खाली ठेवलं. "म्हणून तर मी ते अकरा दिवस लिहिले. बारावा लिहिला. म्हटलं, या खेपेला उठून बसेल आणि मी समोर असेन. आणि बुधवारी तिला घालवली, ती पण याच जागेवर बसून. दुपारपासून बसले होते त्या चार ओळींना. गिऱ्हाइकं परत पाठवली."

त्यांचा आवाज कुठे कापला नाही. मला तिथे रडण्याचा काही हक्क नव्हता. पडद्यामागे खाट कुरकुरली, म्हणजे भगवंतराव आतच होते, सगळं ऐकत होते. मी उठून आले.

त्या महिन्याची पैज कुणीच पुरी केली नाही. श्रीपादरावांनी तक्ता उतरवला. यज्ञेशने पुढच्या वर्षी पुन्हा विषय काढला तेव्हा मी त्याला असं काही झापलं की परत त्याने नाव काढलं नाही, आणि बिचाऱ्याचा त्यात काय दोष. विठाबाई मंडळात पुन्हा आल्या नाहीत. लिहिलंही नाही. मी अधूनमधून कॅम्प पाचला जाते. त्या मला स्टूल देतात, चहा मागवतात, माझा हात धरून दोन-चारच्या बांगड्या घालतात, दुखलं का विचारतात. त्यांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही. भगवंतराव मात्र मला येताना पाहिलं की हातातलं काम टाकून पडद्याआड जातात आणि मी निघेपर्यंत बाहेर येत नाहीत. मला त्याचा राग येत नाही. त्यांची मुलगी दोनदा गेली, आणि दुसऱ्यांदा कुणामुळे गेली ते त्यांना ठाऊक आहे.